शंभराच्या वर

झिंक ऑक्साइडच्या कांड्या मी रात्रभर वाढवल्या,
सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसल्या
उलट्या उभ्या केलेल्या खराट्यासारख्या.
केसाच्या जाडीत ओळीनं हजारभर मावतील अशा.
त्यांवर तांब्याच्या ऑक्साइडचे ठिपके,
चिमटीत सोडाच, कल्पनेतही येणार नाहीत इतके.

हे नाक.
बडोद्यात, प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर,
दोनशे अंशांवर तापत बसलेलं.

पहिल्यांदा ते बोंबललं ते माझ्या डब्यावर.
लसणाची चटणी.
जागृती स्टुलावरून पडायची राहिली.
आठवडाभर जो तो विचारी,
आज डब्यात काय विषारी?

दांडिया बाजारातल्या घरी सासूबाई
चतुर्थीच्या आदल्या दिवशी रांगोळीनं निरांजनं घासतात.
म्हणाल्या, वन्संची चांदी बघ,
कारखान्यांच्या बाजूला राहतात,
पंधरवड्यात काळी ठिक्कर.
म्हटलं, तोच वायू तो, गंधकाचा, माझ्या डबीतला.
मग तुला चार वर्षं कशाला लागली गं?
देवघर होतं की.

चांदी पंधरा दिवसांनी सांगते.
शनाभाईंना पंधरा श्वास मिळतात.

शनाभाई टाकीत उतरतात, सांडपाण्याच्या,
कमरेला दोर, तोंडाला ओला रुमाल.
वास येतोय तोवर चिंता नाही, बेन, म्हणाले.
वास गेला की पळायचं.
पण गेलेला वास कळावा कसा?
माझा धाकटा आत होता. वरून हाक मारली,
तर हसून म्हणाला,
हवे सारुं छे. वास नथी आवती.

शंभर पीपीएमच्या वर नाक गप्प होतं.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं,
शोधनिबंधात लिहिलं होतं,
पहिला परिच्छेद, संदर्भ क्रमांक तीन.
त्या वाक्याला भाऊ होता
हे मला माहीत नव्हतं.

मार्चमधला मंगळवार. झाकण उघडं.
शनाभाईंनी डबी सुतळीला बांधून सोडली,
विहिरीत कळशी सोडतात तशी,
कडेला न आपटू देता.
अकरा सेकंद काही नाही.
मग स्क्रीनवरची रेघ पायरी चुकल्यासारखी खाली आली
आणि शिट्टी.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला,
हे तेच ना, चटणीवर वाजलेलं?
(जागृतीनं चहाच्या वेळी सांगितलं होतं, कौतुकानं.)
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
आत दमट होतं. दमटपणात ही डबी
वीसपैकी तीनदा खोटं बोलते
हे तिथं फक्त मला ठाऊक.

कुणी उतरायचं नाही, मी म्हणाले.
आवाज माझाच, जरा चिरका,
डबीवर गेलेला.

चौघांची रोजी बुडाली.
शनाभाई बोलले नाहीत,
सुतळी गुंडाळत राहिले
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत.
कुणी मेलं नाही.
त्याचा आलेख निघत नाही.
सर विचारतील, मग सिद्ध काय झालं?
आणि मी वहीत बघत राहीन,
जिथं तारीख आहे, तापमान आहे,
आणि निरीक्षणाच्या रकान्यात
फक्त शिट्टी, एक.

मोकळ्या हवेत धरली की तांब्याचे ठिपके
गंधक सोडून देतात, पुन्हा पहिल्यासारखे.
चार मिनिटं लागतात.
त्यालाही वहीत रकाना आहे,
पूर्ववत होण्याचा काळ.

तेवढ्यात फाटकापाशी शनाभाईंनी ती मागितली,
तळहातावर उलटसुलट केली.
जपून, अजून गरम आहे, मी म्हणणार
तोवर त्यांनी ती
नाकाशी नेली होती.