रात्रपाळी, फोर्ट वेन

रात्री अकराला मी चार्ज घेते.
डेल न्यूनश्वांडर डबा आवरता आवरता सांगतो,
तीन नंबरचा ब्लोअर कुरकुरतोय,
चाळणीत पुन्हा वाइप्सचा दोरखंड,
आणि मॉमी नदी चढतेय, वरच्या अंगाला बर्फ वितळलंय.
मग त्याच्या ट्रकचे दिवे फाटकाबाहेर वळतात.
मागे उरतं एका शहराचं पोट, आणि मी.

अडीच लाख माणसं.
काट्यावर त्यांची झोप दिसते, पण दोन तास शिळी;
पाइपातून यायला तेवढा वेळ लागतोच.
साडेबाराला एक लाट, दात घासून, दिवा मालवून निघालेली.
मग उतार.
चारला काटा जवळजवळ आडवा होतो
तरी बोटभर धार येतच राहते:
कुणाला जुलाब, कुणाचं बाळ,
कुणी नुसतंच जागं.

मंडळाच्या दिवाळीत मी म्हणते, "पाण्यात आहे."
"वा! म्हणजे धरणं वगैरे?" गुर्जरपाध्येकाका प्लेट पुढे करतात.
तुमच्या तळणीचं तेल, काका,
तुमची अंघोळ, तुमचं आचमन, शेजारच्या बाप्टिस्टांची अंघोळ,
सगळं एकाच नळाने माझ्याकडे येतं,
आणि कुणाचं काय ते मला आजवर ओळखता आलेलं नाही.
असं म्हणत नाही.
करंजी खुसखुशीत झालीय म्हणते.

बाबा फोनवर विचारतात, "जेवलीस?"
कामाचं विचारत नाहीत.
द्रुपदाआत्या संगमनेरला पालिकेत होती.
पत्र्याची पाटी, खाली चुंबळ, पावसात पाटी गळायची.
"ते सुटावं म्हणून शिकवलं तुला,"
एकदाच म्हणाले, आणि मग
बराच वेळ नुसती लाइनची खरखर.
मी सांगितलं नाही की इथे याला चार परीक्षा लागतात,
परवाना काचेत लावतात,
म्हातारपणी पेन्शन, दातांचा विमासुद्धा.
वास मात्र दोन्हीकडे तोच.

दोनला नमुना. हवेच्या टाकीतून बादलीभर,
कोऱ्या चहाच्या रंगाचं. काचेवर एक थेंब.
देठावर डोलणाऱ्या इवल्या घंटा,
धक्का लागला की गपकन मिटतात,
मग कुणी बघत नाही असं वाटून उघडतात.
एक रोटिफर, डोक्यावर दोन चाकं गरगरवत
खातोय, खातोय.
खरं काम यांचं. मी फक्त हवा पुरवते,
लिटरला दोन मिलिग्रॅम,
आणि नाव पगारपत्रकावर माझं.

गेल्या जूनमध्ये गाळ वाळवायच्या वाफ्यांत टोमॅटो उगवले.
दरवर्षी उगवतात. कुणी पेरत नाही.
कुणाच्या तरी सँडविचमधून, कुणाच्या तरी आतड्यातून,
सात मैल अंधारातून आलेलं बी.
खायचे नाहीत असा नियम आहे. डेल सगळे उपटतो,
कोपऱ्यातलं एक रोप त्याला दरवर्षी दिसत नाही.
त्याचा फोटो मी बाबांना पाठवला.
दोन दिवस काही नाही.
मग: "खतखड्ड्यावर पण यायचे. आत्या पदरातून आणायची.
आम्ही खाल्लेत. गोड असायचे."

आज पाच वाजता त्यांचाच फोन. तिकडे दुपार.
"नदी किती चढली?"
मी गडबडले. म्हटलं, दोन फूट, अजून आत नाही आली.
हातात चाचणीची बरणी होती,
अर्धा तास न हलवता ठेवलेली; ती कॅमेऱ्यापुढे धरली.
त्यांनी चष्मा वर केला.
"वरचं तर नितळ आहे गं."
हो, ते नदीला.
"आणि खाली बसलंय ते?"
ते परत टाकीत, बाबा. ते नसेल तर
काहीच साफ होत नाही.

"हं," म्हणाले. मग, "जेवलीस?"

मी नोंदवहीत लिहिते:
पाच तीस. गाळ दोनशे चाळीस.
रंग तपकिरी.
वास मातीचा.