नरक्या

कणकुंबीच्या वर, पायाच्या जळवा झाडत,
लुमाण्णा पान चुरगळून माझ्या नाकाशी धरतो.
'बघा वास. नरकच.'
मराठीत नरक्या, कन्नडात दुर्वासने मर.
निदान या झाडाच्या नावावर तरी
दोन्हीकडचं एकमत.

मी सालीचा तुकडा घेते, दोन बोटं रुंद.
पाकिटावर तारीख, उंची, उतार.
तो बाजूचे खुंट मोजतो.
'हे मीच तोडलेले. रात्री टेम्पो यायचा.
कशाला नेतात, कधी विचारलं नाही.'

साल मिथेनॉलमध्ये भिजेल,
शेवटी उरेल चिमूटभर पिवळट,
मी सांगते.

'आमच्या यल्लूबाईला बेळगावात सलाईनमधनं दिलं,
ते हेच काय?'

असेल. नक्की माहीत नाही.

ओढ्यावर मी हात धुते.
तो धूत नाही.
उतरेपर्यंत अधूनमधून
बोटं हुंगत राहतो.