कट म्हणायचं राहिलं

सोळा वर्षं मी एकाच सुनेला छळलं,
मंगळवार ते शुक्रवार, रात्री साडेआठ.
बिश्केकच्या ओश बाजारात कांदे घेताना
बायका माझ्या पिशवीकडे टक लावून बघायच्या,
हिच्यात विष असेल म्हणून.

सेटवर जमिनीला चिकटपट्टीची फुली असे.
तिच्यावर थांबायचं, हनुवटी वर, नजर डावीकडे.
डावीकडे काय आहे कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
एकदा वाक्य विसरून खरंच पाहिलं
तर इस्त्रीचं टेबल, त्यावर पोशाखवालीचा पोरगा
मुटकुळं करून झोपलेला.
त्या दिवसापासून कामात लक्ष लागेना.

होंडा विकली.
नवरा म्हणाला, पन्नाशीत हे कसले डोहाळे,
आणि उरलेल्या टायरांचं गिऱ्हाईकही त्यानंच आणलं.

भाड्याचा कॅमेरा घोंगडीत गुंडाळून
तापलेल्या लेकरासारखा मांडीवर,
खचाखच व्हॅनमधून आम्ही तिघं बालिक्चीला.
बेक्तुरनं वाऱ्यासाठी माइकला
स्वतःची कोल्ह्याच्या केसांची टोपी चढवली
आणि दिवसभर कान लाल करून हिंडला.

रस्त्याकडेला ऐमकुल दोरीवर मासे टांगत होती.
"तुला ओळखते मी. पोरीला बर्फात हाकललंस."
"ते खोटं होतं, ऐमकुल-एजे."
"असेल. आधी तिची माफी माग."
कुणाची मागू? ती नटी अल्माटीत
नखं रंगवायचं दुकान चालवते, मजेत आहे.
शेवटी वाळत्या माशांपुढे उभी राहिले.
पायाखाली फुली नव्हती,
आवाज कुठून काढावा कळेना.
जो निघाला तो निघाला.
ऐमकुल म्हणाली, हं, आता काढ काय काढायचं ते.

मग तिनं काहीच केलं नाही.
एक गाठ सुटली, ती बांधत बसली.
ट्रक थांबला, भाव ऐकून गेला.
सरोवरावरून वारा आला, तिनं डावीकडे पाहिलं,
आणि मी एमिलच्या खांद्याला हात लावला: वळव.
बंद पडलेल्या बंदराची क्रेन,
तिच्याखाली वाळूत रुतलेली होडी,
होडीत बसून कुणीतरी सफरचंद सोलत होतं.
साल तुटत नव्हती.

बॅटरीचा लाल दिवा लुकलुकून विझला
तरी मी गप्पच.
कट म्हणायचं सुचलंच नाही.
सोळा वर्षं तो शब्द दुसऱ्याच्या तोंडचा.

आता स्वयंपाकघरात, रात्री,
फ्रिजच्या घरघरीत जोडकाम चालू आहे.
पैसे संपले. मासे अर्धी दोरी उरलेत,
पडद्यांनासुद्धा वास लागलाय.
वाऱ्याच्या मागे कुणाची तरी धाप ऐकू येते.
बेक्तुर म्हणतो, तुझीच आहे, पुसून टाकतो.
थांब.
परत लाव.