तीन नंबरची लाइन

सकाळी सात ते अकरा. चार लाइनी, एक हेडफोन
आणि मी.
इंदूर आधी माझ्या कानात येतं,
मग सारंगकडे जातं.
जाऊ द्यायचं की नाही, हे माझा अंगठा ठरवतो.
सतरा हजार पगारात एवढी सत्ता
होळकरांच्या दरबारात कुठल्या कारकुनाला नसेल.

त्या बुधवारी पलासियाचा सिग्नल बंद होता.
ते सांगून झाल्यावर सारंग घसरला पोह्यांवर, नेहमीसारखा.
आमचा यतीन, म्हणाला, जिरावण इतकं टाकतो
की खाली पोहे आहेत हे विश्वासावर घ्यावं लागतं.
यतीन म्हणजे माझा जोडीदार. सहा वर्षं झाली.
बाकी सगळं हिंदीत, तो एक शब्द घरातला.
मग गाणं लावलं.

गाणं संपायच्या आत चारही दिवे पेटले.
एक: सारंगच्या आईचा उद्धार.
दोन: "जोडीदार म्हणजे दुकानात का, मॅडम? कसलं दुकान?"
तीन: कुणी बोलेना. मागे कुकरची शिट्टी.
चार: पुन्हा आई. आवाज वेगळा, आई तीच.

मी कापत गेले.
सुदामानगरच्या काकू म्हणाल्या, सुखी राहा म्हणावं,
पण जिरावण कमी, पित्त होतं.
त्यांना सोडलं.
महूचा एक मुलगा फक्त थँक्यू म्हणत राहिला,
त्यालाही सोडलं.
दिवसभरात एकशे बारा कॉल.
हवेत गेले नऊ. नऊच्या नऊ गोड.

दुसऱ्या दिवशी पेपरात: शहराचं मोठं मन.
तो पेपर मी टेबलावर पसरला
आणि त्यावर कचोरी खाल्ली.

एका कोचिंग क्लासने जाहिरात काढून घेतली.
सराफ्यातल्या एका शेठनी लगेच विचारलं,
त्या जागेचा आता भाव काय.

शुक्रवारी, माइक बंद असताना, सारंग म्हणाला,
"कुंदा, नऊच आले?"
मी पेन शोधायला लागले.
"उद्या एक शिवी लाव.
मीही इथलाच आहे. मला अख्खं ऐकू दे."

लावली.
एक निवृत्त ओव्हरसियर, आवाज खणखणीत.
सात सेकंदांच्या फटीतून मी दोन शब्द उपटले,
बाकी तसंच जाऊ दिलं: संस्कार, लहान लेकरं,
सकाळची वेळ, ही काय देवाचं नाव घ्यायची वेळ की.
सारंगनी सगळं ऐकून घेतलं.
"साहेब, कुठून बोलताय?"
"भंवरकुआं."
"तिकडे जाम आहे का हो?"
साहेब थांबले. खिडकी उघडल्याचा आवाज आला.
"आहे," म्हणाले. "टॉवर चौकापर्यंत. बस आडवी लावलीय गाढवानं."

आता रोज सव्वाआठला येतात.
आधी दीड मिनिट संस्कार, मग भंवरकुआं.
रस्ता अचूक सांगतात.
मत बदललेलं नाही. मी विचारलं होतं.

आणि तीन नंबर.
रोज आठ चाळीसला, अजूनही. कुकर.
कधी पोरगं दप्तर शोधतंय, कधी बाईचा आवाज: अहो, डबा.
मी हॅलो म्हणत नाही हल्ली.
कापतही नाही.
एका कानाला ती शिट्टी ठेवून
उरलेल्या तीन लाइनींवर शहर चालवते.
अशी लाइन अडवून ठेवायला परवानगी नाही,
म्हणून मॅनेजरना सांगितलंय, तीन नंबर खराब आहे.

काल तो बोलला.
हळू, शिट्टीच्या आडोशानं:
"ते जिरावण कोणत्या दुकानचं?"
मला काय माहीत.
"विचारून ठेवते," म्हटलं. "उद्या करा."

सारंग म्हणाला, दुकानचं नाहीच,
यतीन घरी कुटतो.
आज सकाळी पुडी घेऊन आला.
माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
रजेच्या अर्जांनासुद्धा वास लागलाय.

साडेआठ वाजून गेलेत.
मॅनेजरनी पाठवलेला दुरुस्तीवाला
पेटी उघडून बसलाय माझ्याशेजारी,
तीन नंबरची वायर हातात धरून विचारतोय,
ताई, बिघाड नक्की काय आहे?