दावं

ऑक्टोबरात इथे कुणी येत नाही.
शेवटचं पांढरं जहाज सप्टेंबरातच गेलं,
त्याच्यामागून आइसक्रीमची पाटी, लोकरी टोप्यांचं दुकान,
आणि धक्क्यावरच्या खांबावर उरला एक सीगल,
भाडं थकलेल्या बिऱ्हाडकरूसारखा.

फियॉर्डला मी मनात खाडी म्हणून पाहिलं. जमेना.
खाडीला चिखल असतो, ओहोटीचा वास असतो,
ती माणसाला गुडघ्यापर्यंत तरी आत येऊ देते.
हे पाणी पहिल्या पावलापासूनच खोल,
डोंगर जेवढा वर तेवढाच खाली उतरलेला,
आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर
तेवीस घरं, एक चर्च, एक पेट्रोलपंप
अंग चोरून बसलेले.

खोली राग्नफ्रीच्या घरात मिळाली. वय चौऱ्याऐंशी.
(इथे सगळ्यांना अरे-तुरेच. मला दोन दिवस जड गेलं.)
पहिल्या दिवशी तिने कॉफी दिली.
दुसऱ्या दिवशी कॉफी आणि हवामान.
तिसऱ्या दिवशी रेडिओवर शिकलेल्या इंग्रजीत म्हणाली,
ते दिसतंय? नाही, अजून वर. तिथे जन्मले मी.
मला आधी नुसता खडक दिसला,
मग खडकात एक छप्पर,
अंगठा तुटलेल्या चपलेसारखं एका बाजूला लोंबणारं.

आई गवत कापायला जायची, बाबा बोटीवर.
मला बांधून ठेवायचे. शेळ्यांना आणि मला.
शेळ्यांची दोरी लांब होती. त्यांना अक्कल होती.

ती हसली नाही,
म्हणून मीही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या पुतण्याबरोबर वर गेले.
अडीच तासांच्या चढणीत आयविंद चार वेळा बोलला,
त्यातलं तीनदा कुत्र्याशी.
वर बर्चची पिवळी पानं, दारापाशी रानटी झालेलं करवंदासारखं झुडूप,
चुलीच्या जागी पाऊस साठलेला.
आणि उंबऱ्याशेजारी, दगडात, कमरेखाली,
लोखंडी कडी.
गंज हाताला लागला. मी बोट आत घालून पाहिलं,
मग उगाचच पावलं मोजत कडेकडे निघाले:
एक, दोन, तीन, चार, पाच,
सहावं टाकलं नाही.
खाली फेरी चालली होती, तिच्यावरची लाल मोटार
तीळाएवढी, आणि आवाज मात्र कानाशी.
आयविंद म्हणाला, पुरे. (ही चौथी वेळ.)

रात्री राग्नफ्रीने मासा उकडला, बटाटे उकडले,
मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली.
मी विचारलं, दोरी केवढी होती?
तिने हवेत वीत मांडली, एकदा, दोनदा.
कडेच्या दोन वीत अलीकडे संपायची.
बाबा दर वसंतात नव्याने मोजायचे,
मी पोटावर पडून, हात पुढे ताणून.
मुलं वाढली की दोरी लांब करतात असं वाटतं ना?
माझी दरवर्षी आखूड व्हायची.

आमच्याकडे दावं म्हणतात, मी सांगितलं.
दा-वं, तिने म्हणून पाहिलं, काटा तोंडातून काढता काढता.
मग म्हणाली, सातव्या वर्षी सोडलं.
त्या दिवशी दुपारभर मी दोरी संपायची तिथेच उभी राहिले.
आई ओरडली, अगं, आता सुटली आहेस!
मला माहीत होतं. पण जायचं कुठे, खाली?

तुला कुणी बांधलं होतं?
नाही, म्हटलं. आमचं गाव सपाट. क्षितिजापर्यंत ज्वारी.
तिने मान हलवली, जणू हिशेब लागला.
म्हणूनच एवढ्या लांबवर आलीस.

सकाळी साडेसातची फेरी. अजून अंधार.
तिने सफरचंदं दिली, लहान, खरबरीत, आंबट,
आणि धक्क्यापर्यंत येते म्हणाली,
पण फाटकाशीच थांबली. तिथून हात केला.
मी सफरचंदं मोजली. अकरा होती.
एक खाल्लं, दात आंबले,
आणि डोंगरावर वरचं काही दिसेना,
कुठे छप्पर, कुठे खडक, काहीच नाही,
फक्त ढग, आणि त्याच्यात कुठल्या तरी मेंढीची घंटा
वाजत होती, थांबत होती, परत वाजत होती.