खरवड

शुक्रवारी सकाळी सोहारच्या किनाऱ्यावर
तीन दगड शोधत फिरलो तासभर.
मिळाले दोनच.
तिसऱ्याच्या जागी कैवल्यने ओढत आणला
कुठल्याशा बांधकामातून निसटलेला सिमेंटचा ठोकळा,
एका अंगाला हिरवा रंग लागलेला.

नवरा रात्रपाळी करून आलाय,
गाडीच्या सावलीत चटईवर आडवा, तोंडावर टोपी.
त्याला उठवायचं नाही, असं ठरलंय.

पेट्रोल पंपावरचा कोळसा
आधी धुमसला, मग रुसला.
शाल्मलीने पुठ्ठ्याने वारा घातला.
"आई, जाळ तर दिसतच नाही, पेटलाय कशावरून?"
हात धर वर, म्हटलं. जवळ. अजून. बास.
तिने हात झटकन मागे घेतला
आणि लगेच शेजारच्या नेविनला तेच शिकवलं,
अगदी माझ्या आवाजात.

पातेल्यात असं काही नाही:
घरून धुऊन आणलेले तांदूळ, मूगडाळ,
एक बटाटा, दोन टोमॅटो, हळद.
मीठ तेवढं तिघांनी तीनदा घातलं,
एकमेकांना न सांगता.

वारा फिरला तसं झाकण खडखडू लागलं.
जाळं आवरून निघालेले सालेमकाका थांबले,
पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
खिशातून एक काळं, वाळकं लिंबू काढलं,
नखाने भोक पाडून आत सोडलं.
परवानगी मागितली ती नंतर.

घरी आमची काचेची शेगडी.
आकडा दाबला की तापते, दाबला की गार.
तिथे कधी काही खाली लागत नाही.
इथे लागलं.
वास सुटला तशी तिघंही गप्प,
आता ही ओरडणार म्हणून.

वरची खिचडी वाढून झाली,
खारट, आंबूस, मधूनच वाळूची कचकच.
मग मी उलथन्याने तळ खरवडला.
तपकिरी पापुद्रे सुटले, कडांना काळे.
"हे काय?"
खरवड.
कैवल्यने शब्द घोळवून पाहिला.
सहा वर्षांत त्याच्या तोंडी लागलाच नव्हता.
"आमच्यातपण नाव असेल याला," नेविन म्हणाला,
"अम्माला विचारून सांगतो."

त्यापुढे नुसती झटापट,
कुणाच्या वाट्याला मोठा तुकडा, कुणाच्या काळा.

टोपीखालून आवाज आला:
"मला ठेवलीत का खरवड?"
कुणीच ठेवली नव्हती.
तो उठला, कोमट पातेलं मांडीत घेतलं
आणि शिंपल्याने तळ खरडत बसला,
कितीतरी वेळ.