चार बोटं दुमड

बार्रेतोंच्या घरात मेक्सिको कुणीच पाहिला नव्हता.
एका तबकडीच्या वेष्टनावर तीन माणसं होती,
आखूड जाकिटं, विजारीच्या शिवणीवर बटणांची रांग.
ते वेष्टन घेऊन कायतान आमच्या कुडतरीच्या दुकानात आला,
वडलांना म्हणाला, मेस्त, अशीच.

मापं तिघांची. कायतान, भाऊ झेफेरीन,
आणि कायतानचा लूर्दीन, वय वर्षं बारा;
त्याच्या विजारीत वडलांनी चार बोटं दुमड ठेवली.
बटणं मडगावात मिळाली, पोलिसी गणवेशाची.
वर सिंह होते. असू देत, म्हणाला,
नाचताना कोण बघतंय.

मग दहा-अकरा वर्षं लग्नं, फेस्तं,
कोलव्याच्या हॉटेलात दर शनिवारी.
शब्द तबकडीवरून उतरवलेले, कानाला येतील तसे.
झेफेरीन म्हणायचा, स्पॅनिश म्हणजे पोर्तुगीजच,
फक्त तोंड उघडं ठेवून.
दरवर्षी लूर्दीनची एक बोट दुमड
वडील उसवायचे.

एकदा खरोखरचा मेक्सिकन आला,
बोटींच्या इंजिनांचा म्हातारा इंजिनिअर.
तिन्ही गाणी डोळे मिटून ऐकली
आणि नंतर कायतानला बाजूला घेऊन सांगितलं,
त्या ओळीत तुम्ही प्रेयसीकडे
शांती मागायला हवी. तुम्ही मासा मागताय.

पुढच्या शनिवारी त्यांनी मासाच मागितला.
गोंयकार दुसरं काय मागणार, कायतान म्हणाला,
आणि खरं तर जिभेला वळण पडलं होतं.

झेफेरीन तारवावर गेला, तिथलाच झाला.
लूर्दीन पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडात,
विमानतळावर सामान चढवतो.
हॉटेलनं एक कीबोर्डवाला ठेवला, त्यात सगळे आवाज आहेत.

आता दुकान माझं. कायतान जाकीट घेऊन येतो,
जे वडलांनी दोनदा सैल केलं ते मी आत घेतो.
डाव्या बाहीवर एक सिंह कमी,
तिथं शर्टाचं पांढरं बटण.
तो बाकावर बसून गुणगुणतो,
खालचाच सूर; वरचा झेफेरीनचा,
तो यानं कधी घेतलाच नाही.
झेफेरीन जिथं एकटा गायचा
तिथं हा गप्प होतो, बोटांवर मात्रा मोजत.
मीही पाय उचलतो मशीनवरून.
बाहेर पोदेराचा भोंगा, तळ्यावर बगळे.

मग तो बरोबर जागेवर परत येतो,
मासा मागत.